पिस्ता रंगाची तिरकी गिटार

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच वस्तू मुद्दाम वाकडी बनवली, तीही माझ्या हट्टापायी.

बाबा सुतार. भिवपुरी स्टेशनापासून आत आमचं गाव. थोडं भात पिकतं, बाकी संसार दारं, खिडक्या आणि देव्हाऱ्यांवर चालला. मी खोपोलीच्या एका कारखान्यात नमुने तपासायला जाते आणि संध्याकाळी गिटार बडवते. ही गोष्ट घडली तेव्हा तरी बडवायचेच, वाजवायला लागले पुढे.

आमच्याकडे हळदीला बेंजो लागतो. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते वाद्य, जोडीला कीबोर्ड, ढोल, ताशा. सगळे वाजवणारे टेंपोत बसतात आणि अख्खा मांडव टेंपोपुढे नाचतो. माझ्या मैत्रिणींना नवरीच्या पाटावर बसायची घाई होती. मला त्या टेंपोत बसायचं होतं. लहानपणापासून! किती वर्षं मी त्या टेंपोच्या मागे चालत, हातातल्या काल्पनिक तारा छेडत मान हलवलीय, ते आठवलं की अजून हसू येतं.

आमच्या आळीतला एक जण बेंजो पार्टीचा मास्तर आहे. चुलतबहिणीची हळद ठरली तेव्हा मी त्याला गाठलं.

"गिटार? हळदीत?" त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "येक गाणं देतो. मानसं नाचली तर तू पार्टीत. नाय नाचली तर गुपचूप खाली उतर आनि मटन खा."

मी हो म्हणून बसले. माझ्याकडे होती मैत्रिणीकडून आणलेली साधी लाकडी गिटार. ढोलापुढे तिचा आवाज म्हणजे लग्नात कुणी कानात कुजबुजल्यासारखा. इलेक्ट्रिकच हवी होती, आणि तीही बसून वाजवता येईल अशी, कारण टेंपोत उभं राहिलं की ताडपत्रीला डोकं लागतं.

इलेक्ट्रिक गिटारींमध्ये एक जुना, नावाजलेला तिरका घाट आहे. कमरेची एक बाजू पुढे, दुसरी मागे. कुणी तिला खांद्याला धरून हलकंच सरकवलंय असं वाटतं. हा घाट मुळात बसून वाजवणाऱ्यांसाठीच काढलेला. पण त्या जुन्या गिटारींना इतके खटके की माणूस गोंधळावा, आणि जनरेटरजवळ नेलं की त्या गुणगुणायला लागतात. हल्ली लोक घाट तोच ठेवतात आणि आतलं सामान सुटसुटीत करतात. मी रात्रंदिवस फोनवर त्यांचेच फोटो बघत होते. शेवटी गिटारीची मान, तारा, तारांचा आवाज उचलणारे पण न गुणगुणणारे पिकप आणि सूर डुलवायचा दांडा, असं सगळं कुरियरने मागवलं. दांडा बघून आईने विचारलं, "ह्यो काय, ब्रेक हाय का?"

उरलं होतं फक्त गिटारीचं लाकडी अंग. ते बाबा बनवणार होते. बांधावरचं शिवणीचं झाड पडलं होतं, त्याची फळी माळ्यावर वाळत होती. मी खऱ्या मापाची झेरॉक्स काढली, आकार कापून त्यांच्या हातात दिला आणि कामावर गेले.

आठवड्याने त्यांनी मला पडवीत बोलावलं. फळीवरचं फडकं काढलं. काय सुंदर काम! कडा लोण्यासारख्या. आणि दोन्ही बाजू एकमेकींसारख्या, डमरू ठेवावा तशा.

"बाबा, तिरकी कुठे गेली?"

"सरळ केली," ते खुशीत म्हणाले. "तुझ्या झेरॉक्सवाल्यानं कागद सरकवला व्हता. दोनी बाजू जुळत नव्हत्या. बरं झालं माझ्या ध्यानात आलं."

मी आधी हसले, मग भडकले, मग हसत हसतच भांडले. ती तशीच असते म्हटलं. त्यांना ते पटेना. "वाकडं काम माझ्या हातनं नाय जायचं. लोक काय म्हनतील, म्हातारा झाला, नजर गेली." आमची दोघांची तऱ्हा एकच, त्यामुळे भांडण चांगलंच रंगलं. आईने मध्ये पडायचं सोडून चहा ठेवला.

चहा येईपर्यंत मी तावातावाने त्या सरळ अंगाला मान जोडली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. "धरा. आता हात सोडा." मान खाली झुकली, अंग सटकलं. त्यांनी परत ठेवली, परत सटकली. तिसऱ्या वेळी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मांडीवर गिटार तोलून धरली, आणि जिथे ती टेकायला हवी होती तिथे रेघ मारली. रेघ आणि कमरेची खाच जुळत नव्हत्या. मी कागदी आकार शेजारी धरला. त्याची खाच बरोबर रेघेवर होती.

"असं व्हय," बाबा म्हणाले. "मंग आधी सांगायचं ना गं, मांडीला जुळवायची हाय म्हनून!"

उरलेल्या फळीतून दुसरं अंग निघालं. तिरकं. इतकं डौलदार की मी त्याच्याभोवती फेर धरून नाचले आणि बाबांनाही ओढलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि खिडक्यांचा उरलेला पिस्ता रंग काढला. मी नको म्हणणार होते, पण जुन्या तिरक्या गिटारी अशाच हलक्या हिरव्या मिळायच्या, हे मी फोनवर पाहिलं होतं. बाबांना ते ठाऊक नव्हतं. डबा उघडा होता, एवढंच त्यांचं कारण.

हळदीच्या संध्याकाळी मी टेंपोत चढले. मांडवभर पिवळी झालेली माणसं. गिटार मांडीवर अशी बसली की जागची हलली नाही. मास्तरने मान डोलावली, ढोल सुरू झाला आणि मी सुटले. डोळे बोटांवर खिळलेले. एक सूर चुकला, दुसरा जरा जास्तच जोरात लागला, मग दांडा दाबला आणि सूर असा डुलला की माझ्याच पोटात गुदगुल्या झाल्या! बाजूला काय चाललंय याची मला शुद्ध नव्हती. ढोलामुळे दुसरं काही ऐकूही येत नव्हतं.

गाणं संपलं. मान वर करायची माझी छाती होईना. नाचले नसतील, एवढंच डोक्यात. मी मुकाट्याने वायर काढली आणि उतरायला पाय खाली सोडला.

"वर बघ गं! वर बघ!" टेंपोच्या फळीपाशी उभे असलेले बाबा ओरडत होते. त्यांच्या सदऱ्याची बटणं तुटली होती आणि त्यांना दम लागला होता.

मी पाहिलं. मांडवात धूळ उडाली होती. आत्या, माम्या, भटजी, शेजारचे, सगळे घामाने निथळत थांबले होते आणि आमच्याकडे बघून ओरडत होते. नवरीसुद्धा पाट सोडून उठली होती, तिला तिची आई हाताला धरून परत बसवत होती.

मास्तरने बेंजोवरची हळद पुसली. माझ्याकडे न बघताच माझी वायर उचलून परत खोचली आणि विचारलं, "पुढचं कुठलं घ्यायचं?"

वर्षभर मी गाणी बसवली होती. मला एकही आठवेना.