झिजलेल्या दाताची चाल

“टाळ! ओ पावणे, टाळ! टाळ खंडलो तर डबो लावतां हांव!”

बाबलभाऊ असे ओरडले की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट साखळी गावाला जाऊनच बसली असणार. मी डोळे उघडले. उभ्या उभ्या झोप लागली होती मला. घोडे झोपतात तशी, फरक इतकाच की घोड्याच्या हातात कुणी टाळ देत नाही. समोर पुरुषभर उंचीची समई, समईभोवती मी आणि दोन म्हातारे, आणि भिंतीपाशी कदेलावर (खुर्चीवर) सप्ताहाचे अध्यक्ष बाबलभाऊ, डब्याच्या, म्हणजे काळ्या स्पीकरच्या, बटणावर बोट ठेवून बसलेले. मी घाईघाईने टाळ आपटला तो अर्धा माझ्याच अंगठ्यावर. पण आवाज झाला. सप्ताह वाचला.

आता मी तिथे कसा, हे सांगायला हवं. नाहीतर इचलकरंजीतली मंडळी म्हणतील, यंत्रमागाचे सुटे भाग विकणारा हा माणूस, याला आम्ही देवळात पाहिला तो एकदाच, चप्पल चोरीला गेली तेव्हा, तक्रार करायला आलेला.

सगळा दोष डॉक्टरांचा. माझं ब्लड प्रेशर मोजताना यंत्रातला पारा छत शोधायला निघाला, तेव्हा ते म्हणाले, धंदा थोडा बाजूला ठेवा, एखादा छंद लावून घ्या. लेकीने लगेच जलरंगांची पेटी आणली आणि गोव्यात मांद्र्याला एक खोली ठरवून टाकली. ऐन श्रावणात. तेव्हा तिथे कुणी जात नाही, शांतता असते, असं तिचं म्हणणं. शांतता होती. किनाऱ्यावरच्या झोपड्या उतरवून बांबूंच्या मोळ्या निळ्या प्लास्टिकखाली झाकलेल्या, होड्या पालथ्या, समुद्राचा रंग शिळ्या चहासारखा. माणूस म्हणून मी एकटा आणि कुत्री इतकी की त्यांनी मनात आणलं असतं तर पंचायत जिंकली असती. सकाळी पदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत यायचा, तेवढीच दिवसभराची गजबज. मी रोज रंगांची पेटी उघडायचो, समुद्राकडे बघायचो, आणि डोक्यात यायचं, कोल्हापूरच्या पार्टीला शटल पोचले का? तिसऱ्या दिवशी जिद्दीने एक होडी काढली. घरमालकीण उंडे (पाव) घेऊन आली, चित्र बरंच तिरकं करून बघितलं आणि म्हणाली, “रेडो बरो आयला.”

चौथ्या दिवशी मी पेटी बंद केली, भाड्याची स्कूटर काढली आणि पेडण्याच्या वाटेला लागलो.

तुयेला कारखान्यांच्या वसाहतीपाशी स्कूटर बंद पडली. आयुष्यभर यंत्रांचे भाग विकले, पण ती कशाने बंद पडली ते काही मला कळलं नाही. पाऊस असा की छत्री उघडली तर पाणी खालून वर येत होतं. समोर पत्र्याची टपरी दिसली, तिच्यात शिरलो. पातळ भाजी आणि उंडो मागवला. शेजारी कारखान्याचा निळा शर्ट घातलेला एक माणूस जेवण आटोपून बसला होता. पन्नाशीला टेकलेला, गाल बसलेले. डोळे मिटून तो बोटांनी टेबलावर ठेका धरत होता आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणत होता.

ठेका मी ऐकला आणि माझा घास थांबला. टक टक, टक टक, टक टक, मग एक जागा मोकळी, आणि धप्प. पुन्हा तेच. दर वेळी त्याच ठिकाणी लंगडत होता.

मी म्हटलं, “तुमच्या मशीनच्या चाकाचा एक दात झिजलाय.”

त्याने डोळे उघडले आणि ज्योतिषाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. “तुम्ही मशीन कधी बघितली?”

बघायची गरज नाही, मी म्हटलं, आमच्या गावात पोर रडायला शिकण्याआधी ठेका ओळखायला शिकतं. वर असंही म्हटलं की चाक मी पाठवून देतो, आठवड्यात मशीन घोड्यासारखी पळेल. धंदा असा कुठेही तोंड वर काढतो. तर त्या माणसाने माझा हातच धरला. “नको, भाऊ. कोणाला सांगू पण नका. त्याच्यावरच तर मी समेला येतो.”

नाव उल्हास. गाव डिचोलीकडचं आमोणे, पण रोजचं जाणं-येणं जमत नाही म्हणून तुयेत खोली घेऊन राहायचा आणि रविवारी घरी. डब्यांना झाकणं बसवणाऱ्या मशीनवर काम. डबा येतो, झाकण बसतं, डबा जातो, आणि दिवस संपतो. त्याच्या गावच्या देवळात श्रावणात अखंड भजनाचा सप्ताह बसतो. प्रत्येक घराला वाटून दिलेला एकेक पहारो (भजनाची पाळी), आणि उल्हासच्या घराचा पहारा दुपारचा, जेवणानंतरचा, जेव्हा ऐकायला देव सोडून कुणी जागं नसतं. वर्षभर मशीनपुढे उभं राहून हा माणूस एक चाल बांधायचा. अभंग सगळ्यांना पाठ असलेलाच, चाल मात्र नवी. वर्षाला एकच. वर्षातून एकदाच म्हणायची, समईपुढे. पुढच्या वर्षी दुसरी. बाकी रजा आजारपणात, लग्नात, चवथीत (गणपतीत) जातात, एक तेवढी यासाठी राखून ठेवलेली.

मी विचारलं, यंदाची झाली का? तो लाजला, आजूबाजूला बघितलं आणि हलक्या आवाजात दोन ओळी म्हणून दाखवल्या. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला तो अभंग पायात काटा मोडलेल्या माणसासारखा चालत आला. त्या मोकळ्या जागेपाशी शब्द क्षणभर अधांतरी राहिला आणि मग खाली उतरला. माझ्या अंगावर काटा आला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

भरात येऊन मी सांगून टाकलं की आमचंही घराणं भजनी. माझ्या आजोबांच्या टाळाच्या आवाजाने एकदा वळूने दावं तोडलं होतं आणि तो जोतिबाच्या डोंगरावर सापडला. टाळ माझ्याही रक्तातच आहे. उल्हासने माझं भाजी-उंड्याचं बिल देऊ केलं आणि दुसऱ्या दिवशी आमोण्याला यायचं आमंत्रण दिलं.

स्कूटर तुयेतच टाकून बसने डिचोली गाठली आणि रात्र एका लॉजवर काढली. ढेकूण इतके सशक्त की सकाळी मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होतो. चहा घेतोय तोवर उल्हासचा फोन आला. नवी मशीन येऊन दारात उभी आहे, आजच बसवायची. जुनीचे बोल्ट याच्याशिवाय कुणाला सुटत नाहीत. रजा दिलेली ती परत घेतली, काम संपवून निघाला तरी दिवस रजेतच धरणार म्हणे. आवाज खाली गेलेला. म्हणाला, “तुम्ही पुढे व्हा. आमच्या घरचा माणूस म्हणून समईकडे उभे राहा. गायचं नाही, नुसता टाळ चालू ठेवा. मी येतोच.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं की टाळ मी कधी हातात धरलेला नाही. पण आजोबांचा वळू एकदा सुटला की पुन्हा दाव्याला येत नाही. मी बरं म्हटलं.

डिचोलीहून आमोण्याला जाताना बसच्या खिडकीतून डोंगर दिसतात ते अर्धेच. उरलेले अर्धे खाणींनी जहाजात भरून पाठवले. पायऱ्या पायऱ्यांनी कापलेल्या त्या उतारांवर आता खुरटी झुडपं, तळाशी गढूळ पाणी. मांडवीच्या कडेला गंजलेल्या बार्जी (खनिज वाहणाऱ्या होड्या) एकमेकींना टेकून उभ्या. त्या बघताना बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. मीसुद्धा गप्प होतो, ही गोष्ट माझ्या घरी कुणालाही खरी वाटणार नाही.

उल्हासची बायको शैलावहिनी दारातच वाट बघत होती. तिने फोनवर सगळं ऐकलं होतं. तिने पान वाढलं: भात, कंदमुळांचं खतखतं, सोलकढी. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तर यंदाची चाल ऐकली असेलच, जरा मला शिकवा. तिने मान हलवली.

“घरांत म्हणत नाहीत ते. पहिली समईक. मी पण आजच आयकतली.”

मग पदर सारखा करत म्हणाली, “येतात ते. दरवर्षी येतात.”

देवळात बाबलभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत मोजलं. म्हणाले, बरं झालं आलात, पण नियम समजून घ्या. एका पहाऱ्याचा टाळ दुसऱ्याने उचलेपर्यंत आवाज तुटता कामा नये. तुटला तर हा आहे. त्यांनी शेजारच्या काळ्या स्पीकरवर थाप मारली. त्यात सात दिवसांचं भजन भरून ठेवलेलं. वाड्यावरची घरं मुंबईला, आखातात, कुठे कुठे गेली, त्यांचे पहारे आता हा डबाच करतो. एकदा घराच्या पहाऱ्याला डबा लागला की पुढच्या वर्षीपासून तो पहारा डब्याचा, त्या घराचा नाही.

मी म्हटलं, अहो, हे काही बरं नाही. बाबलभाऊ चिडले नाहीत. “माका हौस न्हय, पात्रांव (साहेब). हांवें राती तीन घरांचे पहारे केले. माणसां खंय आसात?” डोळे लाल झाले होते त्यांचे.

मागच्या घराचा माणूस बाजूला झाला आणि मी टाळ उचलला. दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्या गळ्यात पखवाज, दुसरा नाम म्हणत होता, आणि दोघांना मिळून एका माणसाइतका आवाज. शैलावहिनी खांबाला टेकून बसली. पाऊस कौलांवर, धूप, पोटात भात, आणि तेच नाम पुन्हा पुन्हा. माझे दंड असे भरून आले की वाटलं, इचलकरंजीचे सगळे माग मी एकट्याने हाताने ओढतोय. त्यातच ती डुलकी लागली आणि बाबलभाऊ ओरडले.

त्यानंतर मी झोपलो नाही. दाराकडे बघत राहिलो. वहिनी दाराकडे बघत नव्हती, तिचं सगळं लक्ष माझ्या टाळाकडे. पुढच्या पहाऱ्याचं घर येऊन पायऱ्यांवर उभं राहिलं, स्वच्छ पांढरे सदरे, नवा पखवाज. त्यातला एक घड्याळ बघायचा आणि सौजन्याने दुसरीकडे मान वळवायचा.

तेवढ्यात उल्हास आला. हेल्मेट डोक्यावर तसंच, कोपरापर्यंत ग्रीस. बाहेरच्या नळावर त्याने हात घासले, ग्रीस काही निघालं नाही, तसाच ओला आत आला आणि समईला हात जोडले. मी टाळ पुढे केला. तो हलकेच म्हणाला, “तुम्ही वाजवा. तो ठेका तुम्हाला येतो.”

आणि त्याने गायला सुरुवात केली.

पखवाजवाले काका तिसऱ्या फेरीला गोंधळले. त्यांचा हात सरळ चालायचा, चाल लंगडत होती. त्यांनी थोडा वेळ पाठलाग केला आणि हात पखवाजावर ठेवून दिले. राहिलो मी एकटा. टक टक, टक टक, टक टक, मोकळी जागा, धप्प. हे मात्र मला यायचं. पाळण्यात असल्यापासून यायचं. उल्हासने डोळे मिटले, शब्द त्या झिजलेल्या दातापाशी नेऊन असा सोडला की बाबलभाऊंनी बटणावरचं बोट उचललं आणि तोंडावर धरलं. खांबापाशी वहिनीचे ओठ हलत होते. पहिलं कडवं झालं. दुसरं त्याने उचललं, त्याची पहिली ओळ वर चढली, आणि पांढऱ्या सदऱ्यांनी आत येऊन टाळ धरला. त्यांची वेळ झाली होती. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या सरळ ठेक्यात आमचा लंगडा ठेका दोन फेऱ्या धडपडला आणि मग ऐकू येईनासा झाला. उल्हासने ओळ अर्धी सोडली, मागे सरकला, आणि सगळ्यांबरोबर नाम म्हणू लागला. आवाज कुठेही तुटला नाही.

वहिनी उठली. मला म्हणाली, “निमीच जाली.” आणि चहा ठेवायला घरी गेली.

संध्याकाळी उल्हास मला बसपर्यंत सोडायला आला. मी आपला बडबडत होतो की निम्मी तर निम्मी, पुढच्या श्रावणात दुसरं कडवं, मी स्वतः टाळ घेऊन येईन, पांढऱ्या सदऱ्यांना पायऱ्यांवरच बांधून ठेवू. तो ऐकत होता आणि नखातलं ग्रीस काढत होता.

“जुनी मशीन भंगारात गेली,” तो म्हणाला. “नवी चांगली आहे. आवाज नाही तिला.”

मग बस आली.

इचलकरंजीला परतलो. डॉक्टर म्हणाले, प्रेशर उतरलंय, हवा मानवली. रंगांची पेटी लेकीच्या मुलाला दिली. रेड्याचं चित्र मात्र दुकानात लावलंय, गिऱ्हाईक त्याला होडी म्हणतं. दुकानामागे दिवसरात्र माग चालतात. चाळीस वर्षं त्यांचा आवाज मला ऐकू आला नव्हता, आता येतो, आणि हिशेब चुकतात. त्या चालीचं पहिलं कडवं मी सुट्या भागांच्या खोक्यांवर वाजवतो. दुसऱ्याच्या अर्ध्या ओळीपाशी दर वेळी हात थांबतो, कारण पुढचं जगात एकाच माणसाला ठाऊक आहे.

न राहवून मी त्याला फोन लावला. मागच्या दाराने गल्लीत गेलो, फोन मागांच्या बाजूला धरला आणि ओरडून सांगितलं की ऐका, इथे घराघरात मशीन आहे, एकीचा ठेका दुसरीसारखा नाही, झिजलेले दात म्हणाल तर मोजता येणार नाहीत इतके. चार दिवस या, माझ्याकडेच राहा, आवडेल तो ठेका घेऊन जा.

त्याने मागांचा आवाज ऐकून घेतला. मग म्हणाला, “रजा उरूंक ना, भाऊ.”