साखरशेतचा एकसारखा रंग

नाशिक सोडलं तेव्हा वसुधा भलतीच उत्साहात होती आणि मी अर्धवट झोपेत. वसुधा माझी मैत्रीण. तिचं हस्तकलेच्या वस्तूंचं दुकान आहे. खेड्यापाड्यांतल्या वस्तू तिथे अशा थाटात मांडलेल्या असतात, की खेड्यातल्या माणसाची आत पाऊल टाकायची छाती होऊ नये. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तिची बिनपगारी सोबतीण आहे. या खेपेला आम्ही निघालो होतो जव्हारजवळच्या साखरशेतला, हाताने रंगवलेल्या चामड्याच्या पर्स बघायला.

त्र्यंबक मागे पडलं, घाट उतरलो आणि मोखाड्याला चहासाठी थांबलो. हॉटेलवाल्याने आमच्याकडे बघूनच ताडलं.

"वारली चित्रं घ्यायला निघालात ना?"

"नाही, चामड्याच्या पर्स," वसुधा म्हणाली.

"इकडं?" त्याने स्टोव्ह बारीक केला. "आमी तं ठाण्यावरून आनतो."

वसुधाला हे ऐकून आनंदच झाला. जिथल्या माणसांना जे माहीत नाही, ते तिथे शोधून काढणं हा तिचा धंदाच आहे.

जव्हारला खोली घेऊन सामान टाकलं आणि दुपारी साखरशेत गाठलं. भात कापून झालं होतं. खाचरांत नुसते सड उरले होते आणि घराघरापाशी पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. रामदास आम्हाला घ्यायला रस्त्यावर आला होता. पस्तिशीचा, काटक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दहाएक वर्षं तो धारावीत चामड्याच्या कारखान्यात रंगकाम करत होता. आता कोरं चामडं घेऊन गावी परतला होता. त्याची बायको यमुना पर्स शिवायची आणि तो रंगवायचा. शिवण ती बचत गटाच्या बायकांबरोबर शिकली होती.

यमुनेने पाण्याचे तांबे दिले आणि नवरा आत गेलेला पाहून हळूच माझ्याजवळ बसली.

"ताय, तुमी माल नेला तं हे इकडंच राहतील. नाय नेला तं परत धारावी. शेठचा फोन रोजच येतो. पोरगी बापाला वळखाय लागलीय आता कुठं."

पोरगी दारात बसून शेंगा सोलत होती. मी उगाचच, जणू निर्णय माझ्या हातात आहे अशा थाटात, "बघू या," म्हटलं.

रामदासने काम दाखवायला घेतलं. आधी ओल्या फडक्याने चामडं पुसलं. मग कापडाचा बोळा रंगात बुडवून, पिळून, तो गोल गोल फिरवू लागला. कुठेही थांबायचं नाही, कुठेही दाबायचं नाही. सावलीत वाळवून दुसरा हात, मग तिसरा. त्यानंतर मोहाच्या बियांचं तेल आणि शेवटी मेण. पर्सच्या कडा तो काचेच्या बाटलीने इतक्या घासायचा, की त्या कापलेल्या आहेत हे कळूच नये. सगळं झाल्यावर पांढऱ्या फडक्याने पर्स खसखसून पुसायची. फडक्याला रंग लागला तर काम पुन्हा पहिल्यापासून.

"इधर देखो मॅडम," तो वसुधाला म्हणाला. कामाचं बोलताना त्याच्या तोंडी धारावीची हिंदी यायची. "एकदम प्लेन. कुठं डाग भेटला तं सांगा."

डाग खरंच नव्हता. दहाच्या दहा पर्स एकाच पिंपात बुडवून काढल्यासारख्या तपकिरी होत्या. मला त्या फार आवडल्या.

वसुधाने एक पर्स उलटसुलट केली. "छान आहे," ती म्हणाली. दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या यजमानाला आपण "छान झालंय हं" म्हणतो, त्या सुरात. मग इंग्रजी टाळत, शब्द शोधत म्हणाली, "पण हे फार... कारखान्यातल्यासारखं वाटतं हो."

रामदासचा चेहरा फुलला. त्याला ते कौतुक वाटलं. ते कौतुक नव्हतं हे मला समजत होतं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात वसुधाची नजर खुंटीकडे गेली. तिथे एक काळपट, ढगाळ पर्स लटकत होती. तिच्यात मिरचीचं बी ठेवलेलं होतं.

"ही कुणी केली?"

यमुना लाजली. "ती सोडा ताय. हे रंग आनाया मंबईला गेलते तवा मी करून पायली. नागलीची पेज (नाचणीची कांजी) आंबली व्हती, तिच्यात मोडक्या विळ्याचं लोखंड पडलं व्हतं. पानी काळं झालं. तेच फासलं. सगळी बिघडली."

"बिघडली?" वसुधाने पर्स छातीशी धरली. "अहो, हेच तर हवंय मला."

तिने रामदासला तशाच पर्स करायला सांगितल्या. त्याने तेच काळं पाणी मागवलं, बोळा भिजवला आणि सुरुवात केली. पहिले चार ठिपके बरे उमटले. मग त्याचा हात आपोआप गोल फिरू लागला आणि बघता बघता सगळं सारखं काळं झालं. यमुना तोंडाला पदर लावून हसली. त्याने दुसरी घेतली. तीही सारखीच काळी. तोही हसला, पण तोंडभर नाही.

"उद्या या मॅडम," तो म्हणाला. "रातच्याला बसतो."

जेवायला नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं (भाजलेल्या उडदाचं घट्ट कालवण) होतं. वसुधाने ताटाचे सतरा फोटो काढले आणि अर्धी भाकर खाल्ली. मी दोन खाल्ल्या आणि फोटोत कुठेच आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन ओळी मांडलेल्या होत्या. एक रामदासची, एक यमुनेची. रामदासच्या पर्सवर डाग होते, पण सगळे सारख्या अंतरावर, छापील चिटाच्या कापडासारखे. बिचाऱ्याने चूकसुद्धा मापून केली होती. यमुनेच्या ओळीत मात्र नुसता गोंधळ होता आणि वसुधा त्या गोंधळापुढे हात जोडून उभी होती.

"यमुनाबाई, तुम्ही कराल तेवढ्या मी घेईन. दर महिन्याला."

"आन हे?"

"त्यांना शिवणकाम येत असेल तर..."

"मी रंगवाला आहे मॅडम," रामदास म्हणाला. "सुई कधी धरली नाय."

यमुनेने आपल्या ओळीतल्या पर्स उचलून टोपलीत टाकायला सुरुवात केली. "मंग माझी पन नको. ह्यांना इकडं ठेवाया म्हनून मी शिवाया शिकली. हे जानार तं मला काय करायचीय आर्डर?"

वसुधा माझ्याकडे बघू लागली. हिशेबात मी तिला मदत करू शकते, यात नव्हते करू शकत.

शेवटी रामदासच उठला. टोपलीतल्या पर्स काढून त्याने परत ओळीत मांडल्या. त्यातली एक पांढऱ्या फडक्याने पुसली. फडकं काळं झालं. ते त्याने गुपचूप खिशात घातलं.

"नको म्हनू नको," तो तिला म्हणाला. "भात किती दिस पुरतं? तू घरात कमव, मी तिकडं. होळीला येतो."

"होळीला तं सगळेच येतात," यमुना म्हणाली आणि घरात गेली.

त्याच दिवशी तो धारावीला निघाला आणि जव्हारच्या स्टँडपर्यंत आमच्याच गाडीतून आला. पोरगी रस्त्यापर्यंत मागे धावत आली होती. यमुना आली नाही. वाटेत वसुधा त्याला समजावत होती, की यमुनाबाईंच्या हातात उपजत कला आहे, तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे. तो "हां मॅडम, हां मॅडम" करत राहिला. ठाण्याची एसटी लागलेलीच होती. तो उतरताना मी त्याच्याकडे त्याची एक तपकिरी पर्स विकत मागितली. त्याने पिशवीतल्या सगळ्या बाहेर काढल्या आणि त्यांतली सगळ्यांत चांगली निवडायला वेळ लावला. मला तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

मोखाड्याच्या चढावर वसुधा म्हणाली, "सगळं छान झालं, नाही?" मी खिडकीची काच खाली केली. मला तिचा राग आला होता. आणि यमुनेच्या घरात आता दर महिन्याला चार पैसे येतील ते हिच्यामुळेच, हे कळत असल्याने तो काढताही येत नव्हता.

यमुनेच्या पर्स वसुधाच्या दुकानात हातोहात जातात. प्रत्येकीबरोबर "डाग हेच हाताच्या कामाचं सौंदर्य" अशी चिठ्ठी असते. माझी पर्स बघून लोक विचारतात, कुठल्या कंपनीची? मी म्हणते, कंपनीची नाही, हाताने रंगवलेली आहे. ते पर्स उलटी करून शिक्का शोधतात आणि मी थट्टा करतेय असं समजून हसतात. मग मी सांगते, की हिला रंग देणारा माणूस हल्ली धारावीत एका कंपनीचा माल रंगवतो. त्यावर मात्र सगळ्यांचा लगेच विश्वास बसतो.