विनंती बदली

"कंपनीनं पाठवलं." हे मी आमच्या गावात, मंठ्यात, इतक्यांदा बोललोय की आता माझं मलाच खरं वाटतं. साफ खोटं आहे. मला कुणी पाठवलं न्हाई. पुण्यात चांगली नोकरी होती. ती करता करता दीड वर्ष गुपचूप जर्मन शिकलो, सुट्टीच्या दिवशी तिकडच्या कंपन्यांना अर्जावर अर्ज टाकले आणि बोलावणं येताच पुण्याचा राजीनामा देऊन मोकळा झालो.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा मात्र माझी गाळण उडाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, पेपर वाचत बसले होते. म्हणालो, "कंपनी जर्मनीला पाठवून राह्यली." त्यांनी चष्मा काढला. "बदली?"

"हां, बदलीच."

अण्णा तहसिलातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. बदली झाली तर माणसाचा काय दोष? त्यांची स्वतःची जाफराबादला झाल्ती, तेव्हा तीन वर्षं अर्ज करकरून ते मंठ्याला परत आल्ते. आपल्या मर्जीनं जाणाऱ्याला मात्र आमच्याकडं 'आईबापाला टाकून गेला' म्हणतात. तेवढं मला नको होतं. मला जर्मनी पाहिजे होती आणि गुणी पोरगा हे नावही. दोन्ही डगरींवर पाय!

दोन वर्षं सगळं बराबर चाललं. मंग आई विसरायला लागली. आधी गॅस बंद करायचं, मंग शेजारणीचं नाव. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. त्यानंतर महिन्याभरानं अण्णांनी मोबाइलवर एका कागदाचा फोटो पाठवला. माझ्या वतीनं, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेला अर्ज. 'विषय : विनंती बदली मिळणेबाबत. योग्य मार्गे सादर.' कारण, आईचे आजारपण. 'सोयीचे ठिकाण पुणे, ते शक्य नसल्यास छत्रपती संभाजीनगर.'

मी हसलो हो! तिकडच्या स्वयंपाकघरात एकटा उभा राहून खो खो हसलो. आज आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

दर रविवारी फोनवर तेच. "साहेबाकडं दिला का?"

"दिला, अण्णा."

"वर गेला का मंग?"

"जाईल जल्दी."

"ती तुला वळखतीय तवर ये, बाबा. नंतर येऊन काय करशील?"

पुण्याच्या जुन्या साहेबांनी निघताना 'कधीही परत ये' म्हटलं होतं. एक फोन करायचा होता. केला न्हाई. मला जर्मनीतलं काम आवडत होतं, आणि खरं सांगतो, कुणी काही न विचारणारी संध्याकाळ आवडत होती. आईपेक्षा जास्त आवडत होती का? त्या वेळी मी हा प्रश्नच स्वतःला विचारला न्हाई, इतका मी हुशार.

आठ महिन्यांनी अण्णा म्हणाले, "नाकारला आसंल तर लेखी घे. तोंडी नकार म्हंजे नकार न्हाई." मंग मी कहर केला. कंपनीच्या नावानं इंग्रजीत एक पत्र टाइप केलं. कामाच्या निकडीमुळे विनंती मान्य करता येत नाही. खाली एक वेडीवाकडी सही ठोकली आणि फोटो पाठवून दिला. अण्णांचं उत्तर आलं, 'कागद मिळाला.' त्यानंतर त्यांनी अर्जाचं नाव काढलं न्हाई. मला तर हायसं वाटलं.

या दिवाळीला घरी आलो. आईनं दारात मला पाहून डोक्यावर पदर घेतला. आत वळून म्हणाली, "आवं, पाव्हणे आलेत. चहा टाकते."

"आगं, आपलं पोरगं हाय," अण्णा म्हणाले.

"आसं का?" ती परक्या माणसाशी हसावं तशी हसली. "बसा की मंग."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायचं होतं. आधार कार्ड आणायला अण्णांनी मला कपाटाकडं पिटाळलं. तिच्या फाइलीत कार्डाखाली माझं पत्र होतं. अण्णांनी ते झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं होतं. पत्र कार्यालयातून निघतं तेव्हा त्यावर जावक क्रमांक पडतो. तो माझ्या पत्रावर नव्हता. त्या कोऱ्या जागेभोवती लाल पेनानं गोल होता. जन्मभर कागद हाताळलेला कारकून तो, त्याला मी फसवायला निघाल्तो! खाली त्याच टपोऱ्या अक्षरात शेरा होता : 'अर्जदाराचीच इच्छा दिसत नाही. दप्तरी दाखल.'

तारीख पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी पत्र होतं तसं फाइलीत ठेवलं. तेवढ्यात अंगणातून शेजारच्या काकांचा आवाज आला. "पोरगं किती दिवस हाय आता?"

"आठच दिवस," अण्णा म्हणाले. "त्याच्या लई मनात हाय हो राहायचं. कंपनी सोडत न्हाई."