परवचा म्हणणारा क्वार्टरबॅक

माझ्या आत्याच्या तावडीत सापडलेला एकही जीव आजवर काही शिकल्याशिवाय सुटलेला नाही. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याच्या गोष्टीचं तिला कधी फारसं कौतुक वाटलं नाही. तिचं म्हणणं, रेडा एका जागी उभा तरी राहतो, तुम्ही चौथी ब सांभाळून दाखवा. मिरजेच्या शाळेत तिने लग्नाआधी बरीच वर्षं चौथी ब सांभाळली होती. मग लग्न होऊन ती अमेरिकेत आली आणि इथल्या शाळांनी तिची पदवी उलटीसुलटी करून पाहून सन्मानाने परत केली. काका, म्हणजे आत्याचे यजमान, हाडांचे डॉक्टर. त्यांना रोज नवी मोडकी हाडं मिळायची आणि आत्याला शिकवायला एक मुलगा मिळेना. शिकवायची खाज काही स्वस्थ बसू देत नाही. तिने शेजाऱ्यांच्या कुत्र्याला पायपुसण्यावर पाय पुसायला शिकवलं, काकांच्या दवाखान्यातल्या नर्सकडून मराठी आकडे पाठ करून घेतले, आणि मी एम.एस. करायला येऊन तिच्या तळघरात उतरलो तेव्हा माझं अक्षर सुधारायला घेतलं. मी इंजिनियर झालेला घोडा! तरी तिने मला कित्ता गिरवायला दिला आणि मी तो मुकाट्याने गिरवला. आत्यापुढे बोलायची माझी काय बिशाद?

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमच्या शहराचा एक व्यावसायिक फुटबॉलचा संघ होता. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हाताने खेळायचा. त्यातल्या खेळाडूंचे गुडघे-खांदे काकांकडे दुरुस्तीला यायचे. एकदा एक कोवळा क्वार्टरबॅक गुडघा बांधून आला. त्याला जिने चढवेनात, म्हणून काकांनी त्याला थोडे दिवस घरी खालच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवून घेतलं. बस्स, लांडग्याच्या घरी कोकरू मुक्कामाला आलं. क्वार्टरबॅक म्हणजे लग्नघरातला कारभारी. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे तो कुणाला द्यायचा हे त्याने अंगावर पहाडाएवढी माणसं धावून येत असताना ठरवायचं. आत्याने आठवडाभर टीव्हीवर खेळ पाहिला आणि निदान केलं की ह्या पोराचा हात उत्तम आहे, पण नजर एकाच माणसावर चिकटते. तेव्हा गणपती जवळ आले होते. आमच्या मराठी मंडळाच्या जेवणाला आत्याने त्या गुडघेबांध्याच्या हातात आमटीचं भांडं दिलं आणि सांगितलं, कुणी मागायच्या आत वाढायचं, आणि वाढताना वाटीकडे बघायचं नाही, पुढच्या चार पानांकडे बघायचं. पहिल्या दिवशी त्याने एका आजोबांच्या धोतरावर आमटी वाढली. पण विसर्जनापर्यंत तो लंगडत लंगडत अख्खी पंगत एका नजरेत वाचायला लागला. पुढे तो दुसऱ्या शहरात जाऊन नावारूपाला आला. ते श्रेय त्याच्या गुडघ्यावर उपचार करणाऱ्या काकांना मिळालं आणि त्यावरून आमच्या घरात काही दिवस मोठी शांतता होती.

त्यानंतर संघवाल्यांनाच सवय लागली. नवं पोर आलं, गोंधळलेलं दिसलं, की ते डॉक्टरांच्या घरी राहायला पाठवायचे. त्यातला तिसरा वेस्ली. आत्याने त्याचं पहिल्याच जेवणाला वसंता करून टाकलं. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून आलेला, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच आणि चारजण बसलेले असले की तोंडातून शब्द फुटणार नाही एवढा लाजरा. आता लाजऱ्या माणसाने क्वार्टरबॅक व्हावं म्हणजे मुक्याने भजनी मंडळ काढावं. प्रत्येक डावाआधी सगळे गोल करून उभे राहतात आणि प्रशिक्षकाने ठरवलेली चाल क्वार्टरबॅकने त्यांना सांगायची असते. ही चाल म्हणजे एखादा शब्द नव्हे, आकडे, रंग आणि दिशा यांची चांगली आगगाडी असते. वसंताची आगगाडी दुसऱ्या डब्यालाच रुळावरून घसरायची. संघात आधीच दोन मुरलेले क्वार्टरबॅक होते. उन्हाळा संपता संपता सरावाचे सामने व्हायचे आणि मग नको असलेल्यांना नारळ द्यायचा, अशी पद्धत. नारळ मिळाला तर वसंताला गावी जाऊन चुलत्याच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकावे लागणार होते. चुलत्याने त्याच्यासाठी टोपीसुद्धा शिवून ठेवली होती, हे त्याने आम्हांला इतक्या पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं की काकांनी त्याला स्वतःचं आइस्क्रीम दिलं.

आत्याने पदर खोचला. त्या घरात तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की परवचा सुरू व्हायचा, आणि तो झाल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत असा कायदा झाला. वसंता मांडी घालून बसायचा, म्हणजे त्याचे गुडघे कानाशी यायचे, आणि संघाच्या सगळ्या चाली पाढ्यांच्या चालीवर म्हणायचा. बे एके बे, बे दुणे चार, त्याच ठेक्यात उजवीकडे अमुक, डावीकडे तमुक. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी भुकेने कासावीस होऊन समोर बसलेलो. त्या पोराच्या चाली त्याच्याआधी मलाच पाठ झाल्या. भाषा कोणती म्हणाल तर आत्याचं इंग्रजी आणि मराठी यांची मिसळ. "वसंता, अगेन. घाई नको. धिस टाइम विथ स्पष्ट उच्चार." तो म्हणायचा, "येस, आट्या." आणि खरंच सांगतो, पंधरवड्यात पोराची जीभ अशी सुटली की तो दाढी करताना चाली म्हणायचा. मला मागच्या अंगणात ओणवं करून आत्या पायांमधून मागे त्याला चेंडू द्यायला लावायची. शेजारी कुंपणावरून बघत असायचे. माझं एम.एस. त्या वर्षी लांबलं ते त्या ओणवेपणाने, पण ते गाइडला कोणत्या तोंडाने सांगणार?

पहिल्या सराव सामन्याला आत्या उन्हाची टोपी, साडी, कॅनव्हासचे बूट अशा थाटात मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन बसली. वसंता मैदानात आला, त्याने गोलात उभं राहून चाल घडाघडा सांगितली, आत्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मग सगळे रांगेत उभे राहिले. इथे एक गोम आहे. क्वार्टरबॅक मोठ्याने हट, हट असं ओरडतो आणि ठरलेल्या ओरडीला चेंडू मागे येतो. कितवी ओरड, हे फक्त त्याच्या संघाला ठाऊक. समोरच्यांनी अंदाज करत बसायचं. पण त्या दिवशी समोरचे अंदाज करत नव्हतेच. चेंडू हलला की त्याच क्षणी ते वसंताच्या अंगावर असायचे. पोराला त्यांनी इतक्या वेळा आडवं केलं की शेवटी त्याच्या कपड्यांचा रंग ओळखू येईना. आत्याच्या हातातला धपाटा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी वसंता जेवायला आला तो मान खाली घालून. प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर त्या सामन्याची फिल्म लावली होती. समोरच्या संघाचे धटिंगण वसंताच्या ओरडीबरोबर मान डोलवताना दिसत होते. आत्याने ताटं मांडायची थांबवली. तिने त्याला तिथेच उभं राहून ओरडायला सांगितलं, स्वतः डोळे मिटले आणि ज्या ओरडीला चेंडू येणार त्या ओरडीला बरोबर टाळी वाजवली. आकडा बदलायला सांगितला, पुन्हा टाळी बरोबर. पाढा संपताना 'बे दाहे' म्हणताना आपला आवाज कसा चढतो आणि लांबतो! वसंताही चेंडू मागायच्या आधीच्या ओरडीला अगदी तसाच आवाज चढवत होता. म्हणजे तो गावभर ओरडून सांगत होता, आता संपलं हो, या, मला पाडा. आत्या खुर्चीवर बसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "हे माझं काम आहे," ती मला म्हणाली. "पोराला मी चाल लावून दिली. हा माझ्यामुळे घरी गेला, तर मी पुन्हा कुणाला शिकवणार नाही."

ती नुसती बोलून थांबणारी बाई नव्हे. सकाळी तिने मला गाडी काढायला लावली आणि आम्ही थेट सरावाच्या मैदानावर. प्रशिक्षक म्हणजे सतत काडी चघळणारा, मानच नसलेला माणूस. आत्याने त्याला स्वच्छ सांगितलं की दोष मुलाचा नाही, शिकवणारीचा आहे, आणि शिकवणारी मी आहे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता, मी काही खुलासा करतो का म्हणून. मी बूट बघत राहिलो. शेवटी तो म्हणाला, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी शेवटचा सराव सामना आहे, त्यात उत्तरार्धात पोराला थोडा वेळ मैदानात सोडीन, पुढचं त्याचं त्याने बघावं. आत्याने आभार मानले आणि तोंडातली काडी हिरड्यांना वाईट असते हेही सांगून टाकलं.

आता मुरलेला ठेका मोडायचा कसा? आत्याने त्याला हळू ओरडायला लावलं, तर तो हळू ठेक्यात ओरडायचा. जोरात लावलं, तर जोरात ठेक्यात. पालथ्या घड्यावर पाणी. त्यातच रविवारी आमच्या घरी मंगळागौर होती. खरी ती मंगळवारची, पण अमेरिकेत मंगळवारी नवऱ्यांना सुट्टी नसते आणि बायकांनाही नसते, म्हणून आमची गौर रविवारी बसायची. वसंता कोपऱ्यात पुरणपोळ्यांचा फडशा पाडत बसला होता. उखाणे सुरू झाले. देशपांडेकाकू म्हणजे उखाण्यातली पट्टीची खेळाडू. त्यांनी सुरू केलं, "अंगणात पडला बर्फ, गाडी झाली पांढरी, फावडं दाखवलं की..." आणि थांबल्या. पदर सारखा केला. एका पाहुणीला पाणी हवंय का विचारलं. साऱ्या बायका पुढे झुकल्या, एकीचा तोल जाऊन ती हळदीकुंकवाच्या तबकावर आली, आणि दुसरीने न राहवून काकूंच्या नवऱ्याचं नाव स्वतःच घेऊन टाकलं. मग काकूंनी शांतपणे पुरं केलं, "...अविनाशराव लपतात घरी." हशा पिकला. आत्या हसली नाही. ती वसंताकडे बघत होती आणि वसंता तोंडातला घास विसरून काकूंकडे.

पुढच्या पाच मिनिटांत आमच्या दिवाणखान्याचं मैदान झालं. नऊवारी नेसलेल्या पाच बायका गालिच्यावर हात टेकून रांगेत बसल्या, मी ओणवा, काका हातरुमाल घेऊन पंच, चूक दिसली की रुमाल टाकायचा. चेंडू हलायच्या आत जी हलेल ती बाद. पहिले कितीतरी डाव एकही हलली नाही, उलट त्यांनी वसंताला दोनदा सोफ्यावर लोळवलं. आत्या एवढंच सांगत होती की नाव तुझ्या तोंडात आहे, ते त्यांना हवंय, मग घाई त्यांना, तुला कसली? हळूहळू पोराला मजा यायला लागली. तो ओरडायचा, थांबायचा, छताकडे बघायचा, पुन्हा ओरडायचा, नाक खाजवायचा. लाजरेपणा कुठे गेला कोण जाणे! दिवेलागणीला स्वतः देशपांडेकाकू चेंडू हलायच्या आधी सुटल्या आणि थेट माझ्यावर आदळल्या. काकांनी रुमाल टाकला. सगळ्यांनी वसंताला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं.

शनिवारी त्याला मैदानात सोडलं ते शेवटी शेवटी. आमचा संघ मागे होता. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. तीन संपल्या होत्या आणि अजून थोडं अंतर हवं होतं. हे चुकलं की खेळ खलास आणि टोपी तयारच होती. वसंता ओरडला. मग थांबला. एवढ्या लोकांच्या गोंगाटात तो असा थांबला की जणू कुणाला पाणी हवंय का विचारतोय. पुन्हा ओरडला, आवाज चढवला, अगदी पाढा संपताना चढतो तसाच, आणि चेंडू मागितलाच नाही. समोरचा एक पहाड सुटला, त्याच्यामागे दुसरा. पंचांचा पिवळा रुमाल हवेत. चेंडू हलायच्या आत रेषा ओलांडली की त्यांना पाच यार्ड दंड, आणि आम्हांला हवं होतं त्याहून ते जास्त. आत्याने माझं मनगट इतकं आवळलं की मी कळवळलो. दोन चालींनंतर वसंताने नजर एकीकडे ठेवून चेंडू भलतीकडे फेकला आणि आम्ही जिंकलो. धपाट्यांचा डबा तिने पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसांत वाटून टाकला.

संघाने त्याला ठेवून घेतलं. फक्त त्याने बाकीच्या खेळाडूंबरोबर मैदानाजवळच्या घरात राहावं असं त्यांचं म्हणणं पडलं. वसंताने आत्याला सांगितलं की मी त्यांना नाही म्हणणार आहे, मी इथूनच जाऊन येऊन करीन. आत्या म्हणाली, ज्यांच्यासमोर ओरडायचं त्यांच्याबरोबर जेवायला नको का? आणि शिवाय खोली रिकामी करून हवी आहे, उद्या दुसरा मुलगा येतोय. वसंता खोलीत गेला. त्याने सामान गाडीत टाकलं, दारातून वाकून बाहेर पडला आणि पुन्हा वाकून आत आला, काहीतरी राहिलंय म्हणून. काही राहिलं नव्हतं. मग तो गेला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी विचारलं, कोण मुलगा येतोय? आत्या रस्त्याकडेच बघत होती. "कुणी नाही रे. असं म्हटलं नसतं तर तो गेला नसता, आणि मीही त्याला जाऊ दिलं नसतं. मला फार आवडायचा तो."

त्या संध्याकाळी तिने कणीक नेहमीएवढीच भिजवली. त्या पोळ्या आम्ही पुढे दोन-तीन दिवस शिळ्या खाल्ल्या, काकांनीसुद्धा.