लेकीला दाखवायचा सिनेमा

कॉलेजात असताना एका मैत्रिणीशी मी आठवडाभर अबोला धरला होता. कारण ऐकलं तर कुणीही हसेल. कॅन्टीनमध्ये आवडत्या सिनेमांचा विषय निघाला आणि माझी पाळी यायच्या आधीच तिने माझ्या सिनेमाचं नाव घेतलं. वर म्हणाली की तो बघताना तिला वाटतं, हा आपल्यावरच काढलाय. ती एकुलती एक, दिसायला देखणी, घरात सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. तिच्यावर कोण कशाला सिनेमा काढेल? माझी पाळी आली तेव्हा मी भलत्याच कुठल्यातरी विनोदी सिनेमाचं नाव सांगून मोकळी झाले. आपली वस्तू दुसरीच्या अंगावर दिसली की जे होतं ते मला झालं होतं, आणि ते अजूनही होतं.

तो सिनेमा मी तेरा वर्षांची असताना पाहिला. पुण्यात आमच्या गल्लीत गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. पुढची जागा लवकर येणाऱ्यांनी पटकावलेली असायची, म्हणून आम्ही पडद्याच्या मागे सतरंजी टाकून बसायचो. मागून सगळं उलटं दिसतं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, माणसं डावखुरी. कितीतरी वर्षांनी तोच सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा एसटी भलत्याच बाजूला निघाली आणि मी नवऱ्याशी पैज लावायला निघाले होते, की या चॅनेलवाल्यांनी तो उलटा लावलाय.

गोष्ट साधीच आहे. लहानसं गाव, अंथरुणाला खिळलेले वडील, त्यांच्या उशाशी आई, आणि त्यांची पिठाची गिरणी चालवणाऱ्या दोन बहिणी. थोरली देखणी, बोलकी. धाकटी काळी, घुमी, कायम पिठाने माखलेली. थोरलीचं लग्न ठरतं. धाकटीला म्हणायचं असतं की जाऊ नकोस, पण ते तिला शेवटपर्यंत म्हणता येत नाही. थोरली निघते त्या सकाळी वडील सोडून सगळं घर स्टँडवर पोचवायला जातं, धाकटी जात नाही. ती गिरणी सुरू करते. दळायला काही नसताना नुसतीच सुरू करते, एसटीचा हॉर्न ऐकू येऊ नये म्हणून.

माझी ताई त्याच वर्षी इंजिनिअरिंगला दुसऱ्या गावी गेली होती. घरात तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. ताईचे मार्क, ताईची मेस, ताई दिवाळीला येईल तेव्हा काय काय करायचं. मी घरात होते म्हणजे होते. दळण आणायला, गॅसला नंबर लावायला. पडद्यावर ती गिरणी धडधडायला लागली तेव्हा मी हुंदके देऊन रडले, आणि आईला वाटलं मला मुंग्या चावल्या. त्या दिवसापासून तो सिनेमा माझा झाला.

लग्नानंतर नोकरीसाठी आम्ही दोघं बंगळुरूला आलो. जयनगरमध्ये एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला तो आजतागायत. लेक इथलीच. खाली घरमालकीण राहतात, त्यांना आम्ही अक्का म्हणतो. मूळच्या निपाणीकडच्या एका खेड्यातल्या, लग्न होऊन इथे आल्या त्याला जन्म लोटला. बँकेतून निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा परदेशात. त्यांची मराठी आमच्यापेक्षा वेगळी. "मी आलो की, स्वल्प थांब," असं म्हणतात. माझं ऑफिस एचएसआर लेआउटला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. त्यामुळे लेक लहानपणापासून शाळेतून आली की अक्कांकडे. ती त्यांना अज्जी म्हणते.

याबद्दल मी अक्कांची जन्माची ऋणी असायला हवं. आहेही. पण संध्याकाळी खालचं फाटक उघडताना आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला की मी कडी मुद्दाम जोरात वाजवायचे. मी आत गेले की हसणं थांबायचं. "काही नाही, असंच," लेक म्हणायची. मग ती घरात "मी जेवलो की" म्हणायला लागली. मी दर वेळी "जेवले, जेवले" अशी दुरुस्ती करायचे. नवरा म्हणायचा, अगं, मराठी बोलतेय हे काय कमी आहे? कमी नव्हतं, पण मराठी तिने माझ्याकडून घ्यायला हवी होती.

सिनेमा मात्र मी राखून ठेवला होता. लेक तेरा वर्षांची झाली की दाखवायचा, असं तिच्या जन्मापासून ठरलेलं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, लेकीला तर चांगलंच, कारण अधूनमधून मीच बजावायचे, की अजून लहान आहेस, आत्ता नाही कळायचं. तोवर दुसरे सिनेमे दाखवून बघितले. त्यात माझी एक खोड आहे. मी मध्येच थांबवून समजावून सांगते. माझ्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे सत्यनारायण आहे, दर अध्यायाला थांबायचं, असं नवरा म्हणतो. पण पोरीला गिरणी ठाऊक नाही, दळण ठाऊक नाही, स्टँडवर पोचवायला जाणं ठाऊक नाही. सांगायला नको?

तेरावा वाढदिवस शुक्रवारी झाला. अक्कांनी डबाभर कडबू पाठवले, त्यांच्याकडच्या त्या पुरणाच्या तळलेल्या करंज्या. रविवारी दुपारी मी पडदे ओढले, मोबाईल सगळ्यांचे काढून घेतले, नवऱ्याला बाहेर पिटाळलं आणि सिनेमा लावला. इंटरनेटवर कुणीतरी चढवलेली प्रिंट, कोपऱ्यात कसलासा शिक्का, आवाज मध्येच बसतो.

लेक शहाण्यासारखी बघत होती. एकदाही "बोअर" म्हणाली नाही. मी दोनदा थांबवून सांगायला गेले, तर तिने माझ्या आधीच सांगितलं की गिरणीचा पट्टा म्हणजे काय. मला धन्य वाटलं. माझी मुलगी, म्हटलं, रक्तातच आहे.

शेवट जवळ आला. मी पडद्यावरची नजर काढून तिच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि बघते तर तिचे डोळे भरलेले. उशी पोटाशी घेऊन ती मुसमुसत होती. पण पडद्यावर रडण्यासारखं अजून काहीच झालं नव्हतं. एसटी आली नव्हती, गिरणी सुरू झाली नव्हती. थोरली नव्या साडीत गिरणीत जाते आणि सैल झालेला पट्टा घट्ट करते, एवढंच चाललं होतं. साडीला पीठ लागतं म्हणून आई तिला रागावते. अर्ध्या मिनिटाचा सीन. इतक्या वेळा बघूनही माझं त्याच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. पुढे गिरणी धडधडली, मी नेहमीसारखी रडले, आणि लेकीचे डोळे कोरडे.

मी टीव्ही बंद करून विचारलं, तू हा आधी पाहिलायस का? ती म्हणाली, "अज्जीकडे."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज चढवला नाही, एवढंच. मी तेरा वर्षं राखून ठेवलेलं, ते त्या बाईने दुपारच्या चहाबरोबर उरकून टाकलं होतं. पोरीचं पहिलं "अज्जी" त्यांना, शाळेतल्या गोष्टी त्यांना, आणि आता हेही त्यांनाच. माझ्या सिनेमावर पोर पहिल्यांदा रडली ती त्यांच्या सोफ्यावर. माझा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी अक्कांचा डबा परत करायला खाली गेले. कुणाचा डबा कधी मोकळा परत करू नये, त्यात चिमूटभर साखर तरी घालावी, हे मला आईने शिकवलंय आणि मी ते आजवर पाळत आले. त्या दिवशी डबा घासला, पुसला आणि मुद्दाम मोकळा नेला. अक्कांनी झाकण उघडून आत बघितलं, झाकण परत लावलं आणि मला बस म्हणाल्या. मी बसले नाही. उभ्याउभ्याच म्हटलं, तुम्हाला माहीत होतं ना अक्का, तो सिनेमा मला तिला दाखवायचा होता.

"मी कशाला दाखवू ग?" त्या म्हणाल्या. "तीच लावली की."

मग सगळं कळलं. लेकीनेच सुट्टीत त्यांच्याकडे येऊन सिनेमा शोधून लावला होता. आई वाढदिवसाला दाखवणार आहे, आणि मला कळला नाही तर तिला वाईट वाटेल, तेव्हा आधी तुम्ही मला समजावून सांगा, असं तिने अक्कांना सांगितलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं शिकवणीला जातात, तशी ती माझ्या सिनेमाच्या शिकवणीला खाली गेली होती. दळण म्हणजे काय, पट्टा कसा असतो, स्टँडवर सगळे का जातात, हे सगळं अक्कांनी सांगितलं.

"आणि आई कुठं रडते म्हणून विचारली मला," अक्का म्हणाल्या. "मला काय ठाऊक, तू कुठं रडतेस? मी रडलो, तिथं ती रडली."

मी बसले. तो पट्ट्याचा सीन, एवढंच म्हणाले. मग अक्कांनी सांगितलं, की लग्न होऊन निघाल्या त्या सकाळी त्यांनी हळदीच्या हातांनी म्हशीचं दावं बदललं होतं, कारण धाकट्या भावाला गाठ नीट मारता यायची नाही. गाडी खोळंबली, सगळे ओरडले. बंगळुरूला पोचेपर्यंत हाताला दाव्याचा वास येत होता. "मागं राहणारं रडतंय, ते सगळ्यांना दिसतंय," त्या म्हणाल्या. "जाणाऱ्याचं कोण बघत नाही."

खरं तर इथे माझा राग जायला हवा होता. गेला नाही. उलट जास्तच जळले. सिनेमा माझा म्हणता म्हणता त्यांचा झाला होता. मला कधी न दिसलेली जागा त्यांनी एका दुपारी शोधून काढली होती आणि माझ्या मुलीला दिली होती. मी इथल्यासारखं सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि वर आले.

लेक पलंगावर पालथी पडली होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, अज्जीला विचारलंस, मला का नाही?

"तू सिनेमा बघतच नाहीस," ती उशीत तोंड घालून म्हणाली. "माझ्याकडे बघतेस. मला टेन्शन येतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, रडायलाच पाहिजे असं काही नाही. खरंच कसा वाटला ते सांग, मी रागावणार नाही. तिने दोनदा विचारलं, नक्की नाही ना? मी दोन्ही वेळा नक्की म्हटलं.

ती उठून बसली. थोरली तिला फार आवडली. ती हसते, सगळ्यांशी बोलते, काम पण करते. मग थांबली. मी म्हटलं, बोल.

"मला ती धाकटी नाही आवडत. ती सगळ्यांवर जळते, आई. ऑल द टाइम. ताईवर, ताईच्या नवऱ्यावर, आईवर. ताईला जाताना हसता पण येत नाही, कारण हिला वाईट वाटेल. आणि मग ही टाटा करायला पण जात नाही. ताई बसमध्ये बसून तिला शोधत असते ना, खिडकीतून."

खिडकीतून ती शोधते, हेही मी कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी मी नेहमी गिरणीपाशी असते.

रागावणार नाही असं कबूल केलेलं, म्हणून मी चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. पंचवीस-तीस वर्षं मी ज्या मुलीच्या बाजूने रडत आले, तिच्याबद्दल इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. ते खोटं आहे म्हणावं तर त्याच संध्याकाळी मी एका म्हाताऱ्या बाईला मोकळा डबा नेऊन दिला होता.

"हो," मी म्हटलं. "जळते ती."

लेकीला धीर आला. ती मांडी घालून माझ्यासमोर बसली. आमच्याकडे या पोरांचं सगळं आधीच ठरलेलं असतं. बारावीनंतर बाहेर कुठेतरी जायचं, दिल्ली नाहीतर अजून लांब. तिने मैत्रिणींबरोबर कॉलेजं बघूनही ठेवली होती, हे मला माहीत होतं आणि मी तो विषय टाळत होते.

"आई," ती म्हणाली, "मी जाईन ना, तेव्हा तू येशील ना सोडायला?"

"येईन," मी म्हणाले. मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला, आणि तो तिला कळला.