चवथीची पाऊणपट

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मी ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. विद्यार्थ्यांना कोपरीच्या खाडीवर नेलं की तिथे निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, पकडणारी एक कोळीण भेटायची. मुलं माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकायची. भरतीची वेळ ती बोटांच्या पेरांवर काढायची. तिथीची पाऊणपट, म्हणजे अष्टमीला सहा, चवथीला तीन.

एकदा ती म्हणाली, "मास्तर, आज चवथ. तीनला भरती, पोरांना लवकर काढा." माझ्या तक्त्यात पावणेचार होते. मी थांबलो आणि पाण्याने आम्हाला गाठलं. तिने होडी आणून एकेकाला चिखलातून उपसलं. "निवट्या बघाया आलेले, सोताच निवट्या झाले," म्हणत ती इतकी हसली की घाबरलेली मुलंही हसू लागली.

तक्त्यातली दुसऱ्या दिवसाची ओळ मी वाचली होती, हे घरी गेल्यावर कळलं. तरी प्राचार्यांना मी सांगितलं, "त्या कोळणीने वेळ चुकीची सांगितली." कॉलेजात तिचं व्याख्यान ठरलं होतं, ते रद्द झालं.

मग मी माफी मागायला खाडीवर गेलो. मी तोंड उघडण्याआधीच तिने पेरं मोजत विचारलं, "मास्तर, चवथीची पाऊणपट तीनच ना? का तुमचे कॉलेजान बदलली?"

"तीनच, बाई. चूक माझी," हे शब्द अगदी ओठांवर होते.

मी विचारलं, "निवट्या ताज्या आहेत का?"