कच्चं लिंबू

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, अल खौदच्या दुकानात कोथिंबीर निवडत होते. सकाळी दम लागतोय म्हणून तिचा नवरा तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. "वहिनी, खलास," एवढंच तो बोलला... पुढे नुसतं रडणं ऐकू येत होतं. हातातली जुडी तशीच ठेवून मी निघाले.

शैला चिपळूणची, आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. तिची मुक्ता नऊ वर्षांची. पोरीचं लक्ष टिकत नाही, अक्षरं उलटसुलट होतात, असं शाळेने सांगितलं, ते शैलाने पचवलं. पचत नव्हतं ते खाली पार्किंगमधलं. ऊन उतरलं की बिल्डिंगची पोरं पकडापकडी खेळत आणि मुक्ताला घेत नसत, कारण राज्य कोणावर आहे तेच ती विसरायची. शेवटी शैलाने गावाकडची युक्ती काढली. "मुक्ता कच्चं लिंबू. तिला आउट नाही करायचं, पण खेळायला घ्यायचं." आपल्याकडे धाकट्या भावंडांना असंच सांभाळून घेतात. तिला वाटलं, काम झालं.

पण इथल्या पोरांची मराठीच अर्धीकच्ची. आठवड्यात मुक्ताचं नाव 'लिंबू' पडलं. शैला निळी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची, आउट झालेली पोरं तिच्याभोवती बसून खजूर खायची आणि मुक्ता एकटीच जीव खाऊन पळत राहायची. मागे कोणीच नसायचं. "आई, मी आउट कधी होणार?" ती विचारायची. शैलाने एकदा पोरांपुढे चक्क हात जोडले. "अरे, तिला पण पकडा ना."

"पर आंटी, शी डझन्ट काउंट. आपनेही बोला था," एक मुलगी म्हणाली. अगदी सभ्यपणे. असली सभ्य पोरं मला डोळ्यांपुढे नकोशी होतात.

"मीच लिंबू केलं गं तिला," शैला माझ्या स्वयंपाकघरात रडली होती. "मी नसले तर हिला कोण विचारणार?"

परवा मुक्ताला खाली घेऊन गेले. खुर्ची तिथेच आहे. आयांनी बजावलं असणार, पोरांनी तिला लगेच खेळायला घेतलं आणि पुन्हा कोणीच तिला शिवलं नाही. पळता पळता ती थांबली. स्वतःच्याच खांद्याला हात लावला आणि खुर्चीच्या पायाशी जाऊन बसली.

"आई, मी आउट," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली.